फुलंब्रीची 175 मतं आणि न विचारलेला प्रश्न

(फुलंब्री इथल्या व्याख्यानाचं शब्दांकन. बोलण्याचा बाज शक्य तिथे तसाच राहू दिला आहे.)

लाईट आहे तोवर बोलून घेतो, गेली तर माईकशिवाय बोलेन.

विषय जाहीर झाला तेव्हा दोघातिघांनी मला रस्त्यात अडवून विचारलं, की गुरुजी, राष्ट्रपतिपदाच्या उमेदवारांवर तुम्ही वैतागलेला मतदार म्हणून बोलणार म्हणे, पण तुम्ही त्यात मतदार कुठून झालात? प्रश्न बरोबर आहे. राष्ट्रपतीला मी मत देत नाही, तुम्हीही देत नाही. आपले आमदार-खासदार देतात. मी तीस वर्षं नागरिकशास्त्र शिकवलं, दोन मार्कांना हा प्रश्न हमखास यायचा: राष्ट्रपतीची निवड कोण करतं? पोरं लिहायची, "निर्वाचक मंडळ". दोन मार्क देऊन मी पुढच्या पेपरकडे वळायचो. पण ते मंडळ मत देतं ते कोणाच्या वतीनं, हे मी एकाही पोराला विचारलं नाही. माझा वैताग थोडा माझ्यावरही आहे, हे आधीच सांगून टाकतो.

तर हिशोब बघा. महाराष्ट्राच्या एका आमदाराच्या मताचं मूल्य 175. हा आकडा आला कुठून? 1971 च्या जनगणनेत महाराष्ट्राची लोकसंख्या 5 कोटी 4 लाख होती. तिला 288 आमदारांनी भागायचं, मग हजाराने भागायचं. आले 175. उत्तर प्रदेशच्या आमदाराचे 208, सिक्कीमच्या आमदाराचे 7. आज 2011 ची जनगणनासुद्धा जुनी झाली, तरी हिशोब 1971 चाच. 1976 साली 42 व्या घटनादुरुस्तीने तो गोठवला, पुढे 84 व्या दुरुस्तीने 2026 नंतरच्या पहिल्या जनगणनेपर्यंत लांबवला. कारण वाईट नव्हतं. ज्या राज्यांनी कुटुंबनियोजन मनावर घेतलं त्यांचं वजन कमी होऊ नये, एवढाच हेतू. पण त्याचा अर्थ आपल्या घरात काय होतो बघा. 1971 साली मी सहा वर्षांचा होतो, म्हणजे त्या 175 मध्ये माझा एक कण आहे. माझ्या दोन्ही मुली त्या हिशोबात नाहीत. दुष्काळाच्या आदल्या वर्षी जे जन्मलेले होते तेवढेच मोजले गेले.

फुलंब्री जालना लोकसभेत येते, म्हणून वर खासदाराचं एक मत. 2022 साली त्याचं मूल्य 700 होतं. तेव्हा आमचे आमदार हरिभाऊ नाना बागडे, खासदार रावसाहेब दानवे, दोघेही भाजपचे. 18 जुलै 2022 ला मतदान झालं. मतदान गुप्त असतं, पक्षाला व्हीप काढता येत नाही. त्यामुळे कोणी कोणाला मत दिलं ते मी सांगू शकत नाही, पण अंदाज बांधायला ज्योतिषाकडे जायची गरज नाही.

त्या जुलैमध्ये महाराष्ट्रात काय चाललं होतं आठवतं ना? जूनच्या शेवटी सरकार पडलं. आमदार सुरत, गुवाहाटी, गोवा करून आले होते. आमच्या वरच्या अंगाला सिल्लोड आणि खालच्या अंगाला पैठण, दोन्हीकडचे आमदार त्या प्रवासात होते. इथे चहाच्या टपरीवर दुसरा विषय नव्हता. राष्ट्रपतीची निवडणूक त्या गोंधळात येऊन गेली. 21 जुलैला निकाल लागला, द्रौपदी मुर्मू 6,76,803, यशवंत सिन्हा 3,80,177. टपरीवर एकाने मोबाईलवर बघून वाचून दाखवलं. दुसरा म्हणाला, "चांगलं झालं, आदिवासी बाई आहे." तिसरा म्हणाला, "बरं मग, कपाशीला युरिया आला का?" संपला विषय.

आता "आदिवासी बाई आहे" या वाक्याबद्दल बोलतो, कारण माझी सगळी तक्रार त्याच वाक्यापाशी आहे. ते वाक्य खोटं नाही, लहानही नाही. ओडिशातल्या मयूरभंजच्या उपरबेडा गावची संथाळ मुलगी, रायरंगपूरला 1997 साली नगरसेविका होते, मग आमदार, मंत्री, झारखंडची राज्यपाल, आणि तिथून राष्ट्रपती भवनात. ज्या देशात आदिवासी वस्तीवर अजून धड रस्ता जात नाही तिथे हे घडलं, याचा मला आनंद आहे. पण प्रचारात आपल्याला एवढंच सांगितलं गेलं. ती कोण आहे ते सांगितलं. तिने काय केलं ते गाळलं.

आणि तिने केलेली गोष्ट सांगण्यासारखी होती हो! 2017 साली झारखंडमध्ये भाजपचंच सरकार होतं, रघुवर दास मुख्यमंत्री. आदिवासींच्या जमिनींना संरक्षण देणारे दोन जुने कायदे आहेत तिकडे, छोटा नागपूरचा आणि संथाळ परगण्याचा. ती जमीन शेतीशिवाय इतर वापराला मोकळी व्हावी म्हणून सरकारने दुरुस्तीची विधेयकं आणली. विधानसभेत मंजूर करून घेतली. आदिवासी रस्त्यावर उतरले. आणि राज्यपाल मुर्मू यांनी ती विधेयकं सही न करता परत पाठवली. ज्या पक्षातून त्या आल्या त्याच पक्षाच्या सरकारला. शेवटी सरकारला ती मागे घ्यावी लागली.

मला सांगा, राष्ट्रपतिपदाच्या उमेदवाराची याहून चांगली ओळख कोणती? आलेला कागद वाचायचा, पटला नाही तर परत पाठवायचा, हे तर त्या पदाचं मुख्य काम. घटनेच्या 111 व्या कलमात तेच आहे, संसदेने पाठवलेलं विधेयक राष्ट्रपती एकदा फेरविचारासाठी परत पाठवू शकतात. पण त्यांना उभं करणाऱ्यांनी निदान आमच्या भागात तरी ही गोष्ट मोठ्याने सांगितल्याचं मी ऐकलं नाही. का सांगतील? "आमच्या उमेदवाराने आमचंच विधेयक परत पाठवलं होतं" असं सांगत कोण प्रचार करतो? आणि विरोधकही ते का सांगतील? दोन्ही बाजूंना अडचणीची गोष्ट, म्हणून ती मध्येच राहिली. मला स्वतःला ती निकालानंतर कितीतरी महिन्यांनी वाचायला मिळाली, आणि राग आला. सुनेच्या स्थळाची चौकशी करताना आपण सात गावं पालथी घालतो, आणि इथे...

बरं, समोरचे उमेदवार. यशवंत सिन्हा. माणूस कर्तबगार. 1960 चे आयएएस, नोकरी सोडून राजकारणात आले, चंद्रशेखर आणि वाजपेयी दोघांच्याही सरकारात अर्थमंत्री, नंतर परराष्ट्रमंत्री. 2018 ला भाजप सोडला. त्यांचं नाव येण्याआधी विरोधकांनी शरद पवारांना विचारलं, ते नाही म्हणाले. फारूक अब्दुल्ला नाही म्हणाले, गोपाळकृष्ण गांधी नाही म्हणाले. चौथ्या दारावर सिन्हा मिळाले. लग्नात आयत्या वेळी उभा केलेला नवरदेव आणि निवडणुकीत असा उमेदवार, दोघांची वरात सारखीच निघते. सिन्हा बोलले मात्र पुष्कळ. मी रबरी शिक्का होणार नाही, मी गप्प बसणार नाही, तपास यंत्रणांचा गैरवापर थांबवीन. पहिली दोन आश्वासनं मला आवडली. तिसरं ऐकून मात्र नागरिकशास्त्राचा मास्तर जागा झाला. तपास यंत्रणा राष्ट्रपतीच्या हाताखाली कुठे आहेत? जे या पदाला जमत नाही त्याचं वचन हे देत होते, आणि जे जमतं, जे आधी करून दाखवलंय, त्याबद्दल दुसरीकडे शांतता होती. माझ्यासारख्याने कुठे बघायचं?

इथे कोणीतरी म्हणेल, म्हणतोच, की अहो राष्ट्रपतीला अधिकारच काय आहेत? मंत्रिमंडळ सांगेल तिथे सही. मग कोणी का असेना. हे मीही वर्गात शिकवलंय. त्यावर मी फक्त 2019 चा नोव्हेंबर आठवायला सांगतो.

निवडणुकीचा निकाल 24 ऑक्टोबरला लागला. त्याच सुमाराला परतीच्या पावसाने झोडपून काढलं. मका कापून ठेवलेली, कणसाला कोंब फुटले. कपाशी काळी पडली. आणि मुंबईत सरकार बनेना. 12 नोव्हेंबरला राष्ट्रपती रामनाथ कोविंद यांनी सही केली आणि महाराष्ट्रात राष्ट्रपती राजवट लागली. मग नुकसानभरपाई कोणी जाहीर केली? मंत्रिमंडळ नव्हतं. राज्यपालांनी जाहीर केली, खरिपाला हेक्टरी 8,000 रुपये, फळबागेला 18,000, दोन हेक्टरपर्यंत. आठ हजारात हेक्टरभर मक्याची मजुरी तरी निघते का हो? पण भांडायचं कोणाशी? मुख्यमंत्री नाही, पालकमंत्री नाही, आमदारांची शपथसुद्धा झालेली नाही. ते दिवस फुलंब्रीच्या शेतकऱ्याने थेट राष्ट्रपतीच्या अमलाखाली काढलेत. म्हणून राष्ट्रपतीचा आपल्या बांधाशी संबंध नाही असं मला कोणी सांगू नये.

आणि ती राजवट उठली कशी? 23 नोव्हेंबरला पहाटे 5 वाजून 47 मिनिटांनी. केंद्रीय मंत्रिमंडळाची बैठक न घेता, पंतप्रधानांना कामकाज नियमांतल्या 12 व्या नियमाने जो अधिकार आहे तो वापरून शिफारस गेली आणि राष्ट्रपतींची सही झाली. आपण उठून दूध काढायला बसलो तोवर शपथविधी उरकला होता. सरकार टिकलं किती? 26 तारखेला राजीनामा. त्या सरकारचं चूक-बरोबर मी आज काढत नाही, तुमच्यात सगळ्या पक्षांची माणसं बसलीत, जेवणं व्हायचीत. मी फक्त त्या सहीबद्दल बोलतोय. रात्री एक कागद येतो, आणि सूर्य उगवायच्या आत त्यावर सही होते. "सकाळी बघू" एवढे दोन शब्दसुद्धा नाहीत.

आता 2017 मध्ये चला. कोविंद उमेदवार होते तेव्हा त्यांना कोणी विचारलं होतं का, की साहेब, असा कागद आला तर काय कराल? त्यांच्यासमोर मीरा कुमार होत्या. वकील, राज्यसभेत बारा वर्षं, बिहारचे राज्यपाल हे एकीकडे. परराष्ट्र सेवेत काम केलेल्या, लोकसभेच्या माजी अध्यक्ष या दुसरीकडे. दोघांकडे बोलण्यासारखं आयुष्य होतं. आणि वर्तमानपत्रांनी काय चालवलं? दलित विरुद्ध दलित. मीरा कुमार यांनी त्याबद्दल नाराजीही बोलून दाखवली. याआधी वरच्या जातीचे उमेदवार समोरासमोर असताना त्यांची जात कोणी अशी मथळ्यात घातली नव्हती. त्या निवडणुकीतून आपल्याला दोन माणसांच्या जाती कळल्या, त्यांच्यातला फरक कळला नाही. मग अडीच वर्षांनी एका पहाटे कळला, तोही फक्त एकाचा.

2007 बद्दल थोडक्यात. प्रतिभाताई पाटील उभ्या राहिल्या तेव्हा आपली छाती फुगली, माझीही फुगली. शिवसेना भाजपची युती बाजूला ठेवून त्यांच्यामागे गेली, कारण एकच, मराठी माणूस. भैरोसिंह शेखावत हरले. मराठी राष्ट्रपती झाली, पहिली महिला झाली. पण दयेच्या अर्जांवर त्यांचं मत काय, हे त्या जुलैमध्ये कोणाच्या डोक्यात तरी आलं होतं का? फाशीची शिक्षा झालेल्याचा शेवटचा अर्ज या पदासमोर येतो. कसाबचा अर्ज पुढे प्रणब मुखर्जींसमोर गेला आणि 2012 च्या नोव्हेंबरमध्ये त्यांनी तो फेटाळला. एका माणसाच्या मरण्या-जगण्याचा निर्णय ज्याच्या टेबलावर येतो त्याला आपण विचारतो काय, तर तुमची मातृभाषा कोणती.

मराठी माणसाचाच प्रश्न असेल तर माझं मन 1969 मध्ये अडकतं. त्या साली व्ही. व्ही. गिरी आणि नीलम संजीव रेड्डी यांची झुंज झाली, इंदिराबाईंनी सदसद्विवेकबुद्धीने मत द्या म्हणून सांगितलं, काँग्रेस फुटायला आली, हे सगळ्यांना माहीत आहे. तिसरा उमेदवार कोण होता ते विचारलं तर सभा गप्प होते. चिंतामणराव देशमुख! रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर, नेहरूंचे अर्थमंत्री. स्वतंत्र पक्ष आणि जनसंघाने त्यांना पाठिंबा दिला होता. मिळाली 1,12,769 मतं, तिसरा नंबर. गिरी पहिल्या फेरीत निवडून आले नाहीत, दुसऱ्या पसंतीची मतं मोजावी लागली, 4,20,077 विरुद्ध 4,05,427. राष्ट्रपतिपदाला एवढी अटीतटी पुन्हा झाली नाही.

देशमुखांच्या मागे कोणते पक्ष होते ते सोडा. त्यांचं 1956 बघा. मुंबई महाराष्ट्रापासून तोडून केंद्राकडे ठेवायचं ठरलं तेव्हा या माणसाने पंतप्रधानांना तोंडावर नाही म्हटलं आणि अर्थमंत्रिपद सोडलं. मी राष्ट्रपतिपदाच्या उमेदवाराकडे बघतो ते या जागेवरून. याने आयुष्यात कधी, कुठे, कोणाला "नाही" म्हटलंय? शत्रूला नव्हे, तो तर कोणीही म्हणतो. ज्याने पद दिलं त्याला, ज्याच्या जिवावर आपण मोठे झालो त्याला. मुर्मूंचं 2017 चं झारखंड या परीक्षेत पास होतं, देशमुखांचं 1956 पास होतं. आणि दोघांच्याही बाबतीत ते सोडून बाकीचं बोललं जातं.

प्रामाणिकपणे एक अडचण सांगतो, नाहीतर मागे बसलेले वकीलसाहेब मला पकडतील. ही परीक्षा पक्की नाही. के. आर. नारायणन 1997 साली उभे राहिले तेव्हा त्यांच्याविरुद्ध टी. एन. शेषन होते, ज्यांना शिवसेनेने साथ दिली. भल्याभल्यांना नाही म्हणायची ख्याती कोणाची होती? शेषन यांची. नारायणन म्हणजे मृदू, परराष्ट्र खात्यात मुरलेले. पण त्याच नारायणन यांनी 1997 मध्ये गुजराल सरकारची उत्तर प्रदेशात राष्ट्रपती राजवटीची शिफारस परत पाठवली आणि 1998 मध्ये वाजपेयी सरकारची बिहारची शिफारस परत पाठवली. दोन वेगळ्या रंगांची सरकारं, दोघांनाही तेच उत्तर. आणि कलाम? आपल्या सगळ्यांचे लाडके. 2005 साली बिहारची विधानसभा बरखास्त करायचा कागद त्यांच्याकडे मॉस्कोत गेला, तिथे त्यांनी सही केली, आणि सर्वोच्च न्यायालयाने ती बरखास्ती घटनाबाह्य ठरवली. पुढच्याच वर्षी लाभाच्या पदाचं विधेयक याच कलामांनी परत पाठवलं. म्हणजे माणूस खुर्चीत बसल्यावर बदलतो, शिकतोही. मान्य. पण परीक्षा पक्की नाही म्हणून ती घ्यायचीच नाही, असं मी शाळेतही कधी केलं नाही.

आता उमेदवार येतात कुठून तेही बघून घ्या. प्रतिभाताई राजस्थानच्या राज्यपाल होत्या, कोविंद बिहारचे, मुर्मू झारखंडच्या माजी राज्यपाल. उपराष्ट्रपतिपदाला 2025 च्या सप्टेंबरमध्ये सी. पी. राधाकृष्णन निवडून आले, ते तर आपल्या महाराष्ट्राचेच राज्यपाल. राज्यपालाची नेमणूक केंद्र करतं आणि केंद्राची मर्जी असेल तोवरच तो राहतो. म्हणजे ज्या नोकरीत "नाही" म्हटलं की घरी जावं लागतं, त्या नोकरीतून आपण "नाही" म्हणायच्या पदासाठी माणसं निवडतो. म्हणून तर मुर्मूंच्या त्या परत पाठवलेल्या विधेयकांची किंमत मला जास्त वाटते. आणि गंमत अशी, की 2022 ला ज्यांच्या हातात फुलंब्रीची 175 मतं होती ते हरिभाऊ नाना जुलै 2024 मध्ये राजस्थानचे राज्यपाल झाले. नेमणुकीवर सही राष्ट्रपती मुर्मूंची. गावात पेढे वाटले, मीही दोन खाल्ले. त्यानंतर नोव्हेंबरच्या निवडणुकीपर्यंत फुलंब्रीला आमदार नव्हता, हे पेढ्यात कोणाच्या लक्षात आलं नाही.

आपण वैतागलो तर काय करतो हे आपल्या मतदारसंघाने 2024 ला दाखवलंय. पाच वेळचे खासदार दानवे लाखाहून जास्त मतांनी पडले, काँग्रेसचे कल्याणराव काळे निवडून आले. आणि आपल्याच तालुक्यातल्या गेवराई पायगाचे सरपंच मंगेश साबळे, ना पक्ष ना पैसा, दीड लाखाच्या वर मतं घेऊन गेले. ती मतं कशाची होती ते इथे बसलेल्यांना समजावून सांगायची गरज नाही. लोकसभेत आपल्या रागाला बटण आहे. राष्ट्रपतीच्या निवडणुकीत तो राग जातो कुठे? उमेदवार व्हायलाच 50 सूचक आणि 50 अनुमोदक लागतात, तेही आमदार-खासदारच. 15,000 रुपये अनामत, ती परवडेल एखाद्याला, पण शंभर आमदार कुठून आणायचे?

राहतात ते आपले दोन माणसं. त्यांना आपण काय मागतो? डीपी जळालाय, पीकविमा आला नाही, पांदण रस्ता करा. मागायलाच पाहिजे. पण 2012, 2017, 2022, या तिन्ही वेळेला मी स्वतः कोणा आमदाराला किंवा खासदाराला एका ओळीनेही विचारलं नाही, की तुम्ही ज्याला मत देणार त्याला काही विचारलंत का. मग ते तरी आपण होऊन कशाला सांगतील?

मुर्मूंची मुदत 2027 च्या जुलैमध्ये संपते. यावेळी आपल्याकडे एक गंमत आहे. आमदार अनुराधाताई चव्हाण भाजपच्या, खासदार काळे काँग्रेसचे. 2022 ला आपली 175 आणि 700 एकाच पक्षाच्या हातात होती, यावेळी दोन वेगळ्या पक्षांच्या हातात आहेत. म्हणजे जे कोणी दोन उमेदवार असतील, त्या दोघांपर्यंत जाणारा एकेक माणूस आपल्या तालुक्यात मत मागून गेलेला आहे. मी एक अर्ज लिहून आणलाय, अर्धं पान आहे, दोघांच्याही नावाने. त्यात उमेदवाराची जात, भाषा, प्रांत काही विचारलेलं नाही. एवढंच विचारलंय, की या व्यक्तीने स्वतःच्या माणसांचा कोणता कागद सही न करता परत पाठवलाय, आणि रात्री अकरानंतर आलेल्या कागदावर ती सकाळपर्यंत थांबेल का. सही करायची असेल त्यांनी पुढच्या टेबलावर यावं, पेन मी ठेवलंय. वकीलसाहेब, तुम्ही आधी वाचून घ्या, शुद्धलेखन मी तपासलंय.